जुन्या सर्व्हर केसमध्ये घरचा शांत संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरलेली सर्व्हर केस घ्यावी, असं तिच्यात काय आहे?

डिस्कच्या जागा. आठ, बारा किंवा चोवीस डिस्क पुढून सरकवता आणि काढता येतील अशी घरगुती केस सहसा मिळत नाही. शिवाय पत्रा जाड असतो, हवेची वाट पुढून मागे सरळ असते आणि आत हात घालून काम करायला भरपूर जागा असते. तुम्हाला एखादी एसएसडी आणि एक-दोन डिस्क एवढंच लावायचं असेल, तर मात्र हा खटाटोप करू नका. साधी टॉवर केस त्याहून कितीतरी कमी कष्टात शांत होते.

१यू, २यू, ३यू, ४यू यांतली कोणती निवडावी?

शक्य असेल तर ४यू. यू हे रॅकमधल्या उंचीचं माप आहे, एक यू म्हणजे ४४.४५ मिमी. म्हणजे १यू केसमध्ये ४० मिमीचे पंखे, २यू मध्ये ६० किंवा ८० मिमीचे, तर ३यू आणि ४यू मध्ये १२० मिमीचे पंखे मावतात. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला कितीतरी जोरात फिरावं लागतं, म्हणून शांततेचा निम्मा निर्णय केस निवडतानाच होऊन जातो.

१यू केस घरातल्या खोलीसाठी शांत करण्याच्या फंदात पडू नये. २यू जमते, पण तीत सीपीयू कूलर साधारण ६५ मिमी उंचीचाच चालतो, कार्डं अर्ध्या उंचीची लागतात आणि नेहमीचा एटीएक्स (घरगुती संगणकाच्या प्रमाणित मापाचा) पॉवर सप्लाय ८६ मिमी उंच असल्यामुळे झाकणाखाली बसत नाही. ३यू हा मधला मार्ग. ४यू मध्ये १४० ते १५० मिमीचे टॉवर कूलर, पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड आणि साधा पॉवर सप्लाय हे सगळं मावतं. कूलरची खरी मर्यादा मात्र स्वतः मोजा. मदरबोर्डाचा पृष्ठभाग ते झाकणाची आतली बाजू हे अंतर, त्यातून सॉकेट व सीपीयूचे ७–८ मिमी वजा.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावं?

सगळ्यात आधी बोर्डाची बैठक. डेल आणि एचपीच्या रॅक सर्व्हरमध्ये बोर्ड, पॉवर सप्लाय आणि पंख्यांचे कनेक्टर त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात, आणि मागच्या पोर्टांची भोकं थेट पत्र्यात कापलेली असतात. अशा केसमध्ये साधा बोर्ड बसवणं म्हणजे मागचा अर्धा पत्रा नव्याने करणं. तुमच्याकडे कापाकापीची साधनं आणि हौस दोन्ही नसतील तर त्या सोडून द्या. सुपरमायक्रोच्या ८२६, ८३६, ८४६ यांसारख्या केस एटीएक्स आणि ई-एटीएक्स बोर्ड घेतात, आणि मागे पोर्टांच्या पट्टीसाठी १५८.७५ × ४४.४५ मिमीची प्रमाणित खिडकी असते. फोटोत ही आयताकृती खिडकी दिसली की निम्मी काळजी मिटली.

त्यानंतर बॅकप्लेनवरचं, म्हणजे डिस्क ज्यात जाऊन बसतात त्या मागच्या सर्किट बोर्डावरचं लेबल वाचा (त्याविषयी पुढे सविस्तर येईल). डिस्कचे सगळे ट्रे आहेत का ते मोजा, कारण सुटे ट्रे जमवताना कधी कधी केसएवढाच खर्च होतो. पत्रा पिळलेला नाही ना, झाकण नीट सरकतं ना, हेही पाहा. पिळलेल्या केसचं झाकण नंतर थरथरतं आणि तो आवाज काही केल्या जात नाही.

वजनाचाही विचार करा. चोवीस डिस्कांची केस रिकामी असतानाही एकट्याने उचलण्याजोगी नसते.

साधा एटीएक्स बोर्ड जसाच्या तसा बसतो का?

बसतो, पण स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर आवळतात ते धातूचे उंचवटे) तपासल्याशिवाय बोर्ड ठेवू नका. सर्व्हर बोर्डांचे जड हीटसिंक थेट केसला आवळता यावेत म्हणून काही केसमध्ये सीपीयूच्या खाली जादा स्टँडऑफ असतात. एटीएक्स बोर्डाला तिथे भोक नसतं. तो स्टँडऑफ बोर्डाच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकला की शॉर्ट होतो, आणि बोर्ड सुरूच होत नाही किंवा कायमचा जातो. बोर्ड आधी कागदावर ठेवून भोकांच्या खुणा करा, तो कागद केसमध्ये ठेवा आणि ज्या स्टँडऑफवर खूण येत नाही ते काढून टाका. रिव्हेटसारखे पक्के ठोकलेले स्टँडऑफ निघत नसतील तर ते पत्र्याला सपाट होईपर्यंत कापा. वर इन्सुलेशन टेप लावून भागवू नका, टेप दाबाने फाटतो.

पुढच्या पट्टीवरचं पॉवर बटण कसं जोडायचं?

सुपरमायक्रोच्या केसमधून १६ पिनांची एकच चपटी केबल येते. साध्या बोर्डाला ती तशी बसत नाही. त्या जोडणीत १–२ पॉवर बटण, ३–४ रीसेट, १३–१४ डिस्कचा दिवा आणि १५–१६ पॉवरचा दिवा अशी मांडणी असते. साध्या बोर्डाच्या नऊ पिनांच्या जोडणीत ६–८ पॉवर बटण, ५–७ रीसेट, १–३ डिस्कचा दिवा आणि २–४ पॉवरचा दिवा. मध्ये सुट्या जंपर वायरी वापरा, मूळ केबल कापू नका. बटणांना उलटसुलट चालतं. दिवे लागले नाहीत तर त्यांच्या दोन वायरी अदलाबदल करून पाहा. इतर कंपन्यांच्या केसमध्ये मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बटण दाबलं की कोणत्या दोन पिना जुळतात ते कळतं.

मूळ पंखेच मंद केले तर काम भागणार नाही का?

थोडं भागतं, पुरेसं नाही. गणित असं आहे: पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब एक चतुर्थांश होतो आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. ८० × ३८ मिमीचा सर्व्हर पंखा पूर्ण वेगात ६० डेसिबलच्या वर जातो. निम्म्या वेगातही तो ४५ च्या आसपास राहतो आणि असे तीन पंखे मिळून आणखी ५ डेसिबलची भर पडते. खोलीत बसून काम करायचं तर वेग एक चतुर्थांशाच्या खाली आणावा लागेल. तिथे दाब सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि ज्यासाठी हे पंखे बनवले तो त्यांचा मोठा गुणच संपतो. वर या पंख्यांची मोटर मंद वेगातही कुरकुरते.

आणखी एक धोका. या पंख्यांना एकेकी एक ते तीन अँपिअर लागू शकतात, तर साध्या बोर्डावरचा पंखा जोडायच्या पिनांचा संच, म्हणजे हेडर, बहुधा १ अँपिअरचा असतो. दोन पंखे स्प्लिटरने एका हेडरवर लावून तो हेडर जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मूळ पंखा चाचणीपुरताही वापरायचा तर त्याला १२ व्होल्ट थेट पॉवर सप्लायमधून द्या आणि बोर्डाकडून फक्त वेगाचा सिग्नल घ्या.

नवे पंखे कोणते आणि कसे बसवायचे?

४यू आणि ३यू मध्ये मधली पंख्यांची भिंत काढून तिथे १२० मिमीचे तीन पंखे. तीन पंख्यांची रुंदी ३६० मिमी होते आणि केसची आतली रुंदी ४२० मिमीच्या पुढे असते, त्यामुळे बाजूला केबलसाठी जागा उरते. १४० चे तीन ४यू मध्ये उंचीने मावतात, पण रुंदीत इतके घट्ट बसतात की केबलला वाटच राहत नाही. १२० च घ्या.

पंखे निवडताना फक्त हवेचा आकडा पाहू नका, दाबाचा आकडा पाहा. डिस्क आणि बॅकप्लेनच्या लहान भोकांतून हवा ओढायची आहे. पाण्याच्या २ ते ३ मिमी एवढा दाब देणारा, पीडब्ल्यूएमचा (बोर्डाला वेग बदलता येणारा), १५०० ते २००० आरपीएमचा पंखा घ्या आणि तो ७०० ते १००० वर चालवा. १२०० आरपीएमचे केवळ 'सायलेंट' म्हणून विकले जाणारे रुंद फटींचे पंखे इथे फिरतात, पण हवा हलत नाही.

भिंत दीड मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम पट्टीची करा. प्रत्येक पंख्यासाठी ११६ मिमीचं गोल भोक, स्क्रूच्या भोकांमध्ये १०५ मिमी अंतर. पंखा आणि बॅकप्लेन यांच्यात २५ ते ३० मिमी मोकळी जागा ठेवा. पाती अडथळ्याच्या अगदी जवळून गेली की एकसुरी भणभण येते आणि ती वेग कमी करूनही कानाला टोचत राहते. पंखे लोखंडी स्क्रूऐवजी रबरी पिनांवर टांगा.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. १२० मिमीच्या पंख्यांच्या वर ४यू मध्ये जवळपास ५० मिमीची फट उरते. ती उघडी राहिली तर ढकललेली हवा वरून उलटी फिरून पुन्हा पंख्याच्या पुढे येते. पंखे फिरतात, डिस्क तापतात, आणि दोष पंख्यांवर जातो. वरची आणि बाजूची प्रत्येक फट पत्र्याने किंवा प्लॅस्टिकच्या शीटने बंद करा, केबलच्या वाटेभोवती फोमची पट्टी लावा. फटीपाशी पातळ कागदाची पट्टी धरून पाहिलं की हवा कुठून उलटी फिरते ते लगेच दिसतं.

मागचे ८० मिमीचे दोन पंखे बहुतेक वेळा काढूनच टाकता येतात. पुढची भिंत नीट बंद असेल तर आतल्या दाबानेच हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते.

सर्व्हर बोर्डच ठेवला आहे. नवे पंखे लावल्यावर दर काही सेकंदांनी सगळे पंखे जोरात फिरतात आणि पुन्हा शांत होतात. का?

बोर्डावरची देखरेख करणारी स्वतंत्र चिप, म्हणजे बीएमसी नियंत्रक, प्रत्येक पंख्याच्या वेगाची किमान मर्यादा पाळतो. ती सर्व्हर पंख्यांसाठी ठरवलेली असते. तुमचा शांत पंखा त्या मर्यादेखाली गेला की नियंत्रकाला वाटतं पंखा बंद पडला, म्हणून तो सगळे पंखे पूर्ण वेगात सोडतो. वेग वाढला की मर्यादा पुन्हा पाळली जाते, तो वेग कमी करतो, आणि हे चक्र चालूच राहतं. पंखा सदोष नाही. या नियंत्रकाशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या प्रोग्रामने त्या पंख्याच्या खालच्या तिन्ही मर्यादा बदला. पंख्याच्या किमान वेगापेक्षा त्या निदान २०० आरपीएमने खाली असू द्या. बोर्डाचं फर्मवेअर बदललं तर त्या पुन्हा तपासा.

केससोबत आलेला जोडपॉवर सप्लाय (एक बंद पडला तरी दुसरा चालावा असा दोन मॉड्यूलांचा) ठेवावा का?

शांतता हवी असेल तर नाही. त्या लांबट मॉड्यूलमध्ये ४० मिमीचे पंखे असतात आणि भार कमी असतानाही त्यांची शिट्टी थांबत नाही. दोनपैकी एका मॉड्यूलला वीज नसेल तर भोंगाही वाजतो. आतला पंखा उघडून मंद पंखा टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. आतल्या कपॅसिटरवर वीज काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो, आणि त्या अरुंद नळीत मंद पंखा पुरेशी हवा ढकलतही नाही.

सुपरमायक्रोच्या ८४६ सारख्या केससाठी त्याच खणात बसणारे 'एसक्यू' मालिकेचे शांत मॉड्यूल असतात. ९२० वॉटचं पीडब्ल्यूएस-९२०पी-एसक्यू हे त्यांतलं सर्वाधिक वापरलं जाणारं. कापाकापी न करता आवाज उतरवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

नाहीतर एटीएक्स पॉवर सप्लाय बसवा. मॉड्यूलांचा पिंजरा काढला की मागे मोठं भोक उरतं. ते झाकणारी दीड ते दोन मिमीची पट्टी करा. स्क्रूची चार भोकं समान अंतरावर नसतात, म्हणून मोजण्यापेक्षा पॉवर सप्लायच पट्टीवर ठेवून भोकं उतरवून घ्या. पट्टी जिथे केसला टेकते तिथला रंग खरवडून धातूला धातू लागू द्या. अर्थिंगची वाट तीच आहे. दीड-दोन किलोचं वजन फक्त चार स्क्रूंवर टांगू नका, खाली आधाराची एल-पट्टी द्या. आणि त्याच्या पंख्यासमोर निदान २५ मिमी जागा मोकळी ठेवा. २यू साठी ६३.५ मिमी उंचीचा लहान मापाचा एसएफएक्स पॉवर सप्लाय घ्या.

बॅकप्लेनला वीज कशी द्यायची?

प्रत्येक ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १६ अँपिअर, म्हणजे जवळपास २०० वॉट, फक्त डिस्कसाठी. बॅकप्लेनवर मोलेक्सचे (चार पिनांच्या जुन्या वीजजोडणीचे) जितके सॉकेट असतील ते सगळे भरा, आणि पॉवर सप्लायमधून निघणाऱ्या निरनिराळ्या केबलींवर वाटून द्या.

साटा, म्हणजे घरगुती डिस्कांच्या नेहमीच्या जोडणीच्या, वीजकेबलला लावायचा 'साटा ते मोलेक्स' अडॅप्टर इथे वापरू नका. साटा वीजजोडणीत १२ व्होल्टसाठी तीनच पिना असतात, दर पिनेला दीड अँपिअर. म्हणजे फार तर ५४ वॉट. एका अडॅप्टरवर चार-सहा डिस्क लावल्या की प्लॅस्टिक वितळतं आणि आगही लागते.

एक फायदाही सांगायला हवा. काही नव्या मोठ्या डिस्क साटा जोडणीच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की सुरूच होत नाहीत. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच, त्यामुळे मोलेक्सवर चालणाऱ्या बॅकप्लेनमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

बॅकप्लेनचे प्रकार कसे ओळखायचे? बोर्डाच्या साटा पोर्टांना तो जोडता येतो का?

तीन प्रकार आहेत. सुपरमायक्रोच्या लेबलवर 'टीक्यू' असेल तर प्रत्येक डिस्कची स्वतंत्र साटा जोडणी. 'ए' असेल तर चार-चार डिस्कांचे एकत्र एसएफएफ-८०८७ नावाचे कनेक्टर. हे दोन्ही नुसते वायरिंगसारखे आहेत, डिस्कच्या आकारमानाची मर्यादा त्यांच्यामुळे येत नाही. 'ईएल१' किंवा 'ईएल२' म्हणजे एक्स्पांडर, थोड्या जोडण्यांवर अनेक डिस्क चालवणारी चिप असलेला बॅकप्लेन. तो बोर्डाच्या साटा पोर्टवर चालतच नाही, त्याला सॅस एचबीए कार्ड (सर्व्हर डिस्कांच्या सॅस जोडणीचं जादा कार्ड) लागतं. त्यातही पहिल्या पिढीचा, म्हणजे लेबलवर नुसतं 'सॅस' लिहिलेला एक्स्पांडर २ टीबीच्या पुढची डिस्क पूर्ण दाखवत नाही. 'सॅस२' किंवा 'सॅस३' हवा. स्वस्तात मिळणाऱ्या केस बऱ्याचदा याच कारणाने स्वस्त असतात.

'ए' प्रकार बोर्डाच्या साटा पोर्टांना जोडायचा तर केबल 'रिव्हर्स ब्रेकआउट' हवी. एचबीए कार्डापासून सुट्या डिस्कांकडे जाते ती 'फॉरवर्ड'. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी लावली तर एकही डिस्क दिसत नाही. बॅकप्लेन खराब समजून परत करण्याआधी केबल पाहा.

एचबीए कार्ड मधूनच डिस्क सोडतं. का?

बहुधा तापतं. ९२११-८आय सारखी कार्डं मिनिटाला २०० फूट वेगाची हवा अंगावरून जाईल असं धरून बनवलेली असतात. मूळ पंखे काढल्यावर ती हवा गेली. हीटसिंकवर ४० मिमीपेक्षा ६० मिमीचा मंद पंखा बांधा, किंवा भिंतीतला एक पंखा थेट कार्डाच्या रेषेत येऊ द्या. जुन्या कार्डांवर हीटसिंकखालची पेस्ट वाळलेली असते, ती बदला.

सर्व्हरचा मूळ सीपीयू हीटसिंक चालेल का?

बिनपंख्याचा हीटसिंक आणि हवा वळवणारं प्लॅस्टिकचं बोगदेवजा झाकण ही जोडी आहे. मंद पंख्यांसोबत ती अपुरी पडते. स्वतःचा पंखा असलेला कूलर लावा आणि तो पुढून मागे फुंकेल असा फिरवा. एलजीए २०११ या इंटेल सॉकेटचा सर्व्हर बोर्ड असेल तर कूलर घेण्याआधी सॉकेटची भोकं मोजा: चौकोनी प्रकारात ८० × ८० मिमी, अरुंद प्रकारात ५६ × ९४ मिमी. एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही.

पंखे शांत झाले, पण आता डिस्कांची गुणगुण ऐकू येते.

७२०० आरपीएमची डिस्क १२० हर्ट्झला थरथरते आणि ट्रेमधून ती थरथर सगळ्या पत्र्याला देते. वेगात किंचित फरक असलेल्या डिस्क शेजारी असतील तर आवाज चढतो-उतरतो, आणि तोच अधिक जाणवतो. ट्रेच्या स्क्रूखाली पातळ फायबर वॉशर घालता आले तर घाला, मात्र जाडी वाढून डिस्क बॅकप्लेनच्या सॉकेटला तिरकी लागता कामा नये. ट्रे खणात सैल असेल तर बाजूला पातळ फेल्टची पट्टी चिकटवा. केसखाली मऊ, २० मिमी उंच रबरी पाय लावा. पोकळ लाकडी टेबलावर ठेवलेली केस जमिनीवरच्या केसपेक्षा नेहमी जास्त घुमते.

आतून फोम लावला तर?

शेवटी, आणि मोजकाच. फोम उंच पट्टीची शिट्टी शोषतो, १२० हर्ट्झच्या घुमण्यावर त्याचा परिणाम जवळजवळ नसतो. त्यासाठी जड बिटुमेन किंवा ब्युटाइल शीट लागते. झाकण आणि बाजूंच्या मध्यभागी एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं, कारण पत्रा मध्यावरच सर्वाधिक हलतो. हवेच्या वाटेत, जाळीवर किंवा पंख्याच्या तोंडाशी काहीही चिकटवू नका. वाट अडली की पंखे वेग वाढवतात, आणि फोमने मिळवलेलं सगळं परत जातं.

पत्रा कापताना काय सांभाळावं?

आतलं सगळं बाहेर काढा, बॅकप्लेनसुद्धा. लोखंडाचा कीस सॉकेटमध्ये शिरला की पहिल्यांदा वीज देताना शॉर्ट होतो. कापल्यावर कडा कानशीने मोडा, आतून ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. रिव्हेट काढायचे तर डोक्यावर ४ ते ५ मिमीचं ड्रिल चालवून डोकं उडवा, मागचा भाग पंचने ढकला. चष्मा आणि हातमोजे घाला. मात्र फिरत्या ड्रिलजवळ सैल हातमोजे नकोत.

मागच्या बाजूची लहान गोल भोकांची चाळणी शिट्टी घालत असेल तर पंख्याएवढा भाग कापून तारेची जाळी लावा. एवढ्या एका बदलाने किती फरक पडतो हे ऐकल्यावरच पटतं.

पंख्यांचा वेग कशावर ठरवायचा?

सीपीयूच्या तापमानावर नको. सीपीयू थंड असतानाही डिस्क तापलेल्या असू शकतात. स्मार्टमॉनटूल्सने (डिस्कच्या आतल्या 'स्मार्ट' या स्वतपासणीच्या नोंदी वाचणारा प्रोग्राम) दर दोन-तीन मिनिटांनी सर्व डिस्कांचं तापमान वाचणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि सरासरीऐवजी सर्वांत गरम डिस्कवर भिंतीच्या पंख्यांचा वेग ठरवा. ३५ अंशांच्या खाली किमान वेग, ४५ ला पूर्ण वेग, मध्ये सरळ चढ. स्क्रिप्ट बंद पडली तर पंखे पूर्ण वेगात जातील अशी सोय आधी करा.

रिकाम्या खणांचे ट्रे घालूनच ठेवा आणि त्यांची तोंडं बंद करा, नाहीतर हवा त्या मोकळ्या खणांतून जाते आणि डिस्कांना हवा मिळत नाही. चाचणीसाठी सर्व डिस्कांवर एकदम स्मार्टची लांब चाचणी लावा, झाकण बंद ठेवा आणि चार तासांनी आकडे पाहा. खोलीचं तापमानही टिपून ठेवा. थंड दिवसात ४० दाखवणारी डिस्क उन्हाळ्यात दहा अंश वर जाईल. बहुतेक डिस्कांची कमाल मर्यादा ६० अंशांची असते, पण ४५ च्या खाली राहिलेलं चांगलं.

४यू मध्ये ग्राफिक्स कार्ड बसेल का?

कार्डाची उंची त्याच्या ब्रॅकेटएवढीच (मागे आवळायच्या धातूच्या पट्टीएवढी) असेल तर बसेल. ब्रॅकेटच्या बरीच वर जाणारी कार्डं आणि वरच्या कडेला वीजजोडणी असलेली कार्डं झाकणाला अडतात, कारण केबल वळायला ३५ ते ४० मिमी लागतात. लांबी पंख्यांच्या भिंतीपर्यंत मोजा, केसच्या टोकापर्यंत नको.

केस उभी ठेवली तर चालेल?

चालेल. डिस्क आडव्या, उभ्या, कुशीवर कशाही चालतात. रॅकला आवळायचे बाजूचे कान काढा, पाय नव्या तळाला लावा आणि जड कूलर किंवा कार्ड आता लोंबकळत तर नाही ना हे पाहा. मागे भिंतीपासून निदान १० सेंमी जागा ठेवा, आणि तोंड पडद्याकडे किंवा गादीकडे करू नका.